वरचे तीन जुने

चूक माझी होती. हे तीन शब्द लिहायला मला चार वर्षं लागली. तेवढ्या काळात एक म्हातारा माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास हरवून बसला. त्यांच्या वहीतल्या एका ओळीचा मी चुकीचा अर्थ लावला. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. चुका सगळ्यांच्या होतात, आणि दुसऱ्यांच्या चुका काढण्यावरच तर माझं पोट चालतं. पण चूक कळल्यावरही मी गप्प बसलो, आणि ती त्यांची आहे असं त्यांना वाटू दिलं.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बेंगळुरात अण्णा कुणीही असतो, रिक्षावाला, नारळवाला, सोसायटीचा वॉचमन. पण आमच्या जे. पी. नगरच्या ऑफिसात ‘अण्णा बंदरु’ असं रिसेप्शनवरून ऐकू आलं की लोक खुर्चीत सावरून बसत. कारण अण्णा आले की आधी भिंतींना भेटायचे आणि मग माणसांना. बोटाच्या पेरांनी दोन ठोके द्यायचे, मग कान लावायचे. आमच्या पार्टिशनला त्यांनी पहिल्याच दिवशी असं तपासलं आणि आमच्या मॅडमना सांगितलं, “ह्यात कोण ऱ्हात नाही.”

मॅडम कन्नड. जुन्या इमारती दुरुस्त कशा कराव्यात याचा सल्ला देणारं ते छोटं ऑफिस त्यांचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांना कन्नड येई, पण भिंतींबद्दल ते मराठीतच बोलत. ऑफिसचे अहवाल लिहिणं-तपासणं माझं काम, तेव्हा त्यांच्या मराठीचं इंग्रजी करायला मी होतोच. “हे म्हणतायत, ही भिंत पोकळ आहे.”

“तसं नाही म्हटलो मी,” अण्णा म्हणाले. “पोकळ असंल तरी चालतंय. रिकामी हाय.”

पुढे जे झालं त्याची पहिली खूण बहुधा तीच होती. त्यांनी एक म्हणायचं, मी जवळपासचं दुसरं काहीतरी सांगायचं, आणि कामाला पुरतंय ना, म्हणून पुढे जायचं.

अण्णा खानापूरकडचे. तिकडची माती विटांना आणि कौलांना चांगली म्हणून नावाजलेली. बाविसाव्या वर्षी ते मजूर म्हणून अरबस्तानात गेले, रियाधला, सिमेंटच्या कामावर. शुक्रवारी सुट्टी. इतर मजूर कपडे धुवायचे, झोपायचे. यांना बसवत नसे, म्हणून हे शहराबाहेरच्या जुन्या मातीच्या वस्तीत भटकायचे. तिथे एक म्हातारा कारागीर एकटाच एका पडक्या वाड्याचा गिलावा करत असायचा. अण्णा त्याला उस्ताद म्हणत. कितीतरी शुक्रवार अण्णांनी त्याच्या हाताखाली माती तुडवली, आणि सिमेंटवाल्यांचं कंत्राट संपून परत आले ते मातीचे होऊन आले.

उस्तादाच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. अण्णा ही गोष्ट सांगायचे तेव्हा आपलं मधलं बोट दुमडून दाखवायचे आणि मग त्याच हातानं हवेत गिलावा करायचे. डावीकडून उजवीकडे, कमानीसारखा. त्यांची बोटं थांबायचीच नाहीत. बोलताना, जेवणाची वाट बघताना, मेट्रोत उभं असताना हवेत कमानी चालूच. बसायला खुर्ची दिली तर म्हणायचे, “बसलं की माणूस वाळतंय.”

बनशंकरीला त्यांचं घर होतं. वरचा मजला भाड्यानं दिलेला. मागच्या मोकळ्या जागेत, जिथे शेजारच्यांनी गाड्या लावल्या असत्या, तिथे एक खड्डा. त्यात माती, पाणी आणि चिरलेला पेंढा महिनोन् महिने कुजत असायचा. अण्णा त्याला कुजणं म्हणू देत नसत. “पिकतंय,” म्हणायचे. रोज सकाळी एक कण जिभेवर ठेवून बघायचे, लोणचं मुरलं का बघावं तसं. शेजारीण वासानं वैतागून गच्चीवरून ओरडायची, “अण्णा, एनु वासने री!” हे खालून हात जोडून सांगायचे, “स्वल्प दिवस, अम्मा. पिकतंय बघा.” असे स्वल्प दिवस त्यांनी वीस वर्षं काढले होते.

या मिश्रणाला ते माती म्हणत नसत. माती शेतात असते. भिंतीसाठी पिकवलेल्या मातीला त्यांचा शब्द होता तीन. उस्तादाकडून आणलेला, अरबी. पण बोलताना त्यातला ‘त’ असा जाड, घशाच्या आतून निघायचा की ऐकणाऱ्याला आपला आकडा आठवायचाच नाही. मला तर तो शब्द कुठल्या अक्षरांनी लिहितात हेही कधी विचारावंसं वाटलं नाही. माझं काम लिहिण्याचं असूनही.

“सिमेंट एकदाच ऐकतंय, पुणेकर,” ते मला सांगायचे. मला ते नेहमी पुणेकरच म्हणत. “एकदा घट्ट झालं की संपलं. तीन मात्र हजारदा ऐकतंय. पाणी घाला, परत उठतंय.”

मी हो हो म्हणायचो. मनात दुपारच्या कॉलची वेळ असायची.

आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हा मी त्यांना आणि अक्कांना बोलावलं होतं. अक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांचं माहेर इथलंच, तीन-साडेतीनशे वर्षं बेंगळुरात राहिलेलं मराठी घराणं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं की माझ्या बायकोला निम्मं अंदाजानं घ्यावं लागे. गुरुजींची पूजा चालू असताना अण्णांनी हॉलची भिंत ठोकली. दोन ठोके. अर्ध्या मिनिटात शेजारचा माणूस बाहेर आला आणि आमच्या दारात उभा राहून विचारायला लागला, कुणी बोलावलं का?

सगळे हसले. अण्णा गंभीरपणे मला म्हणाले, “भिंत बरी हाय. निरोप पोचवती.”

अक्का प्रसादाची वाटी घेऊन माझ्या बायकोला सांगत होत्या, “कुठं गेले तरी भिंतीला गाल लावतात बघा. मला कधी लावला नाही.”

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला जड जायचा. काम चुकलं तर माफी तोंडानं मागायची नाही. खड्ड्यात उतरायचं आणि तीन तुडवायचं, अण्णा बास म्हणेपर्यंत. एकदा मॅडमनी एका दाराच्या उंचीचं माप चुकीचं दिलं होतं. परदेशात शिकून डॉक्टरेट मिळवलेल्या त्या बाई साडी खोचून अर्धा तास त्या चिखलात चालल्या, आणि वर आल्या तेव्हा लहान मुलीसारख्या हसत होत्या. नंतर कधीतरी मी एका अहवालात दोन फोटोंखालची नावं उलटसुलट केली. अण्णांनी खड्ड्याकडे बोट केलं.

“अण्णा, सॉरी म्हटलं ना मी.”

“सॉरी तोंडाचं झालं. तोंड चुकलं तर तोंडानं. काम चुकलं तर पायानं.”

मी माझ्या बुटांकडे बघितलं. म्हटलं, मीटिंग आहे.

“सरी,” ते म्हणाले, म्हणजे बरं. “तीन कुठं जात नाही. पिकत ऱ्हातंय.”

मग ते काम आलं. रियाधजवळच्या जुन्या मातीच्या वस्तीतला एक पडका महाल पुन्हा उभा करायचा होता, आणि त्याबद्दल सल्ला देणाऱ्यांत आमचं ऑफिस होतं. मॅडम, अण्णा आणि मी, तिघे गेलो. अण्णा चाळीस वर्षांनी जात होते. विमानात ते बसले नाहीत म्हटलं तरी चालेल. हवाईसुंदरीनं चारदा पट्टा लावायला लावला.

आधी आम्हाला आसपासचे, दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडलेले महाल दाखवले. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. वाळूच्याच रंगाच्या उंच भिंती, वर पायऱ्यापायऱ्यांचे कंगोरे, वारा यायला भिंतीत त्रिकोणी भोकं, ती ओळीनं कोरलेली. आत गेलं की बाहेरचं ऊन दारातच थांबायचं. छताला झाडांचे ओंडके, त्यावर खजुराच्या झावळ्या. दारांवर लाल-काळ्या रंगाची नक्षी. आणि हे सगळं नुसतं मातीचं. खाली कॉफीचं दुकान, दिवे, इकडून तिकडे फोटो काढत फिरणारी माणसं. मी भारावून गेलो होतो.

अण्णांनी दारातच चपला काढल्या. ते भिंतीभिंतीनं चालायला लागले, ठोकत, गाल लावत. “ही इस्त्री केलेली हाय,” एका भिंतीजवळ म्हणाले. दुसरीजवळ, “ही खरी, पण हिला कोण विचारत नाही.” तिसऱ्या दालनात मी मागे वळलो तर ते भिंतीचा एक कण काढून जिभेवर ठेवत होते, आणि रखवालदार त्यांच्याकडे धावत येत होता.

मी माफी मागायला पुढे झालो. पण अण्णा त्या रखवालदाराशी अरबीत बोलायला लागले, खानापूरच्या हेलात. तो थबकला. मग त्यानं आमच्या मार्गदर्शकाला हाक मारली, तो तरुणही आला, आणि दोघे हसत सुटले. मार्गदर्शक मला इंग्रजीत म्हणाला, “तुमचे हे काका माझ्या पणजोबांसारखं बोलतात. हे शब्द आता कुणाला येत नाहीत. ते विचारतायत, पेंढा कमी का घातला?”

“खरंच कमी घातलाय का?”

“ते मला काय माहीत? रखवालदाराच्या वडिलांना माहीत असेल. तो आता त्यांना फोन लावतोय.”

दुसऱ्या दिवशी आमच्या वाट्याचा महाल. छप्पर अर्धं गेलेलं, कबुतरं, भिंतींवर कुणीतरी मागाहून फासलेलं सिमेंट. उत्तरेकडच्या आतल्या खोलीत अण्णा एका भिंतीपुढे गेले आणि थांबले. हे मी आज लिहितोय, कारण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी त्यांना इतकं स्थिर उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्या एका भिंतीवर सिमेंट नव्हतं. जुना मातीचा गिलावा होता, आणि त्यावर बोटांनी ओढलेल्या कमानी, एकीत एक. अण्णांनी आपला हात त्या कमानींवर ठेवला. मधलं बोट दुमडून.

“पुणेकर,” ते म्हणाले. “हा त्यांचा हात.”

मी फोनवर परतीच्या विमानाचं चेक-इन करत होतो. खिडकीची सीट जात होती. “हो अण्णा,” मी मान वर न करता म्हणालो. “लिहून ठेवा.”

त्यांनी लिहून ठेवलं.

अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. बोलायचे कसेही, पण लिहिताना त्यांच्या खानापूरच्या मास्तरांनी घोटून घेतलेलं शुद्ध मराठी लिहायचे. बोलताना ‘जुनं’, पण वहीत ‘जुने’. ‘वरचं’ नाही, ‘वरचे’. त्यांच्या वहीतली ती ओळ अशी होती: ‘उत्तर भिंत. वरचे तीन जुने. तसेच ठेवावे. बाकी काढले तरी चालेल.’

जे. पी. नगरला परत आल्यावर एका दुपारी मी तिचं इंग्रजी केलं. वरचे तीन जुने. तीन काय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी मनानंच ‘थर’ घातला. मातीच्या विटांचे वरचे तीन थर मूळचे आहेत, ते राखावेत, त्याखालचं सगळं काढायला हरकत नाही. दारातून काढलेल्या एकमेव फोटोत भिंतीचा वरचा भागच आला होता, आणि तो जरा गडद दिसतही होता. अर्थ बसला. अहवाल पाठवण्याआधी तो अण्णांना मराठीत वाचून दाखवायचा असं ठरलं होतं. मी दोन पानं वाचली आणि म्हटलं, “बाकी तुमचंच आहे अण्णा, तुमच्याच वहीतलं.” ते उभेच होते. “सरी,” म्हणाले.

काही महिन्यांनी काम चालू असल्याचे फोटो आले. मॅडमनी ते मोठ्या पडद्यावर लावले. उत्तरेची भिंत आली. वर विटांचे तीन थर, खाली नवी कोरी, गुळगुळीत भिंत.

अण्णांचा हवेतला हात थांबला. “हे कुणी काढलं?”

तिकडच्या लोकांनी आमच्या अहवालाप्रमाणेच केलं होतं. मॅडमनी अहवाल काढला, मी वही काढली. मी म्हणालो, आणि हे माझ्याच तोंडचे शब्द आहेत, “अण्णा, तुमच्याच वहीत आहे.”

त्यांनी वही घेतली. चष्मा लावला, आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. “उत्तर भिंत. वरचे तीन जुने.”

त्यांनी ‘तीन’ म्हटलं ते घशातून. जाड.

त्या क्षणी मला कळलं. सगळं एकदम. वरचं तीन जुनं आहे, म्हणजे भिंतीवरची माती जुनी आहे, ती तशीच ठेवा. बाकीच्या भिंतींवरचं सिमेंट काढा. मराठीत ‘ते जुने’ एकालाही म्हणतात आणि अनेकांनाही, आणि त्या ‘ए’च्या एका मात्रेत मी उस्तादाचा हात पुसून टाकला होता. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

अण्णा त्या ओळीकडे बघतच होते. स्वतः लिहिलेलं त्यांना बरोबरच दिसत असणार, कारण ते बरोबरच होतं. पण समोर अहवाल होता, पडदा होता, इंग्रजी जाणणारी दोन शिकलेली माणसं होती. “मी तसं म्हणालो काय?” त्यांनी मला विचारलं. मी अहवालाची पानं चाळत राहिलो. मग त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. “वय झालं बघा. लिवताना काय लिवतोय त्येचं भान ऱ्हात नाही.”

मॅडम त्यांच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये काहीतरी समजावत होत्या. तिकडे खुलाशाचं पत्र पाठवायचं होतं. पत्रं लिहिण्याचं काम माझं. ‘आमच्या ज्येष्ठ कारागिराच्या टिपणातील त्रुटीमुळे’ हे शब्द मीच लिहिले. मला वाटलं होतं की हा म्हातारा माणूस, यांना काय फरक पडतो; माझं मात्र पुढचं पद ठरायचं होतं. ते मला मिळालंही.

अण्णा परत ऑफिसात आले नाहीत. मॅडमनी तीनदा बोलावलं. “माझ्या हातून आता भिंत नको,” म्हणाले.

एकदा अक्कांचा फोन आला. “अहो, हे ग्यास बंद केला का म्हणून चारचार वेळा विचारतात. दाराला कुलूप लावून परत जाऊन बघतात. डॉक्टर म्हणतात काही इल्ला, सगळं छान आहे. पण ह्यांना पटत नाही. तुम्ही बोला की जरा. तुमचं ऐकतात.”

मी म्हणालो, “वय झालं, अक्का. होतं असं.”

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. ट्रॅफिकमध्ये, सर्जापूर रोडच्या सिग्नलला पाऊण तास अडकलो की ते आठवायचं. मी ते ऑफिस सोडलं, दुसरीकडे लागलो. बनशंकरीच्या बाजूला जायची वेळ आली की लांबून वळसा घालायचो. घरात हॉलच्या भिंतीला टेकून बसणं मी बंद केलं. बायको विचारायची, तुम्हाला बसवत का नाही हल्ली? मी म्हणायचो, पाठ.

या वर्षी नव्या नोकरीच्या कामानं रियाधला जावं लागलं. एक दिवस मोकळा होता. बरोबरच्यांनी ठरवलं, मातीचे महाल बघू या. मी डोकं दुखतंय म्हणालो, पण कुणी ऐकलं नाही.

तो महाल आता उघडला होता. सुंदर झाला होता, खोटं कशाला बोलू. उत्तरेच्या खोलीत गर्दी होती. भिंतीच्या वरच्या भागावर काच लावली होती, काचेमागे मंद दिवा, आणि खाली अरबी आणि इंग्रजीत पाटी: वरचे तीन थर मूळचे आहेत. माझं वाक्य. शब्दन् शब्द.

आमच्यातल्या एकानं मार्गदर्शकाला विचारलं, “तीनच का ठेवले?”

“काहीतरी जुनी प्रथा असावी,” तो म्हणाला. “भारतातल्या तज्ज्ञांनी शोधून काढलं.”

लोक माना डोलावून फोटो काढत होते. एक बाई नवऱ्याला म्हणाली, जरा बाजूला हो, तीनही आले पाहिजेत. मी खालच्या गुळगुळीत भिंतीजवळ गेलो. कुणी बघत नाहीसं पाहून ठोकलं. दोन ठोके. मग कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. तिथे आता कुणी राहत नव्हतं, आणि त्यांना घालवणारा मी होतो.

परत आल्यावर मी आधी मॅडमना सगळं लिहून पाठवलं, आणि तिकडच्या लोकांनाही. पाटीवरचं वाक्य चुकीचं आहे, चूक माझी, कारागिराची नाही. मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मला नंतर. आधी अण्णांकडे जा. वही ऑफिसात आहे, घेऊन जा.’

रविवारी सकाळी मी बनशंकरीला गेलो. दार अक्कांनी उघडलं. “या. चार वर्षांनी रस्ता सापडला?” असं म्हणून त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं.

खड्डा वाळला होता. पापुद्रे सुटून भेगा पडल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात अक्कांनी कढीपत्ता लावला होता. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बसले होते, हेच मला आधी दिसलं. दोन्ही हात मांडीवर, बोटं निश्चल.

“पुणेकर,” ते म्हणाले. मग अक्कांना, “पुणेकरच ना ग?”

मी वही उघडली. मी ती ओळ वाचली, आणि ‘तीन’ म्हणताना त्यांचा ‘त’ काढायचा प्रयत्न केला. नीट जमला नाही. पण त्यांनी मान वर केली.

“काय म्हटलास?”

“तीन, अण्णा. माती. तुम्ही माती लिहिलं होतंत. मी आकडा वाचला.”

वरच्या भाडेकरूंचा मिक्सर चालू होता, तो थांबला.

“म्हंजे मी बरोबर लिवलो होतो?”

“अगदी बरोबर.”

“तुला कवा कळलं?”

मला वाटलं होतं हा प्रश्न येणार नाही. “त्याच दिवशी,” मी म्हणालो. “तुम्ही मोठ्यानं वाचलंत तेव्हाच.”

अक्कांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला नाही. “अय्यो,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्या माणसानं चार वर्षं मला विचारून भाजीत मीठ घातलं. आपल्याच घरात विचारून दिवा लावला. आणि तुम्हाला माहीत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. खोटी समजूत घालायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

अण्णा बायकोकडे वळले. “ऐकलीस काय ग? मी बरोबर होतो.” आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, शेजारच्या गच्चीलाही ऐकू जाईल असं, “मी बरोबर लिवलो होतो!” मग चेहऱ्यावरचं सगळं आवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला झेपली नाही.

“उस्तादाचा हात गेला तो गेलाच,” ते म्हणाले. “तेवढी एकच खूण होती त्यांची. तुझ्याजवळ त्या कमानींचा फोटो हाय?”

“नाही.”

“तू बघितलास तरी होतास काय त्या दिवशी?”

“नाही, अण्णा.”

ते उठले. नळाची पाइप ओढत आणली आणि खड्ड्यात सोडली. वाळलेल्या मातीनं पाणी एकदम घेतलं नाही. ते वर फिरत राहिलं, मग भेगांतून आत शिरायला लागलं. जुन्या पेंढ्याचा तो वास हळूहळू उठला. गच्चीवरून शेजारीण, पुन्हा सुरू केलंत का म्हणून, ओरडली, “अण्णा! मत्ते शुरू माडिद्रा?”

“स्वल्प दिवस, अम्मा!” त्यांनी उत्तर दिलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बूट काढ.”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला तोवर कधी एकेरीत हाक मारली नव्हती. ती त्या सकाळी रागानं आली की कशानं, मी विचारलं नाही. मी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. माती अजून कडक होती, टोचत होती. पहिल्या काही पावलांत तळव्याला खरचटलं. मग खालून गार, मऊ काहीतरी बोटांमधून वर यायला लागलं.

अण्णा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांचा उजवा हात मांडीपासून सुटला होता आणि हवेत, अगदी लहानशी, एक कमान काढत होता. मधलं बोट दुमडलेलं.

“अण्णा,” मी चालता चालता म्हणालो. “वरचे तीन जुने होते. तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. मी चुकीचं वाचलं, आणि कळल्यावर तुमच्यावर ढकललं. मला माफ करा.”

“तोंड नको,” ते म्हणाले. “पाय.”

मी तोंड मिटलं आणि तुडवत राहिलो.